बंदीची तारीख

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, ईश्वराला स्मरून हा कागद स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला टाचणीने जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या व पडवी, माझ्या पश्चात मुलाचं. तळ्याकडची खिडकी फुगते, ती खालून ढकलावी.

२. पोस्टातली ठेव, शिवणयंत्र व पितळेचे डबे सूनबाईचे. धाकट्या भाऊजींना वेगळं काही नाही. यजमानांची मोठी होडी त्यांनी "वहिनी, चार दिवसांसाठी" म्हणून नेली, त्याला अकरा वर्षं झाली. तीच माझी देणगी समजावी.

३. तळ्याविषयी. हे कलम लांबेल.

मासे अंडी सोडतात तेव्हा जाळं टाकायचं नाही, असा शब्द मामंजींनी देवापुढे दिला होता. एक जूनपासून पंचेचाळीस दिवस बंदी. तारीख आमच्या घरातून सांगायची आणि सगळ्या होड्यांनी पाळायची. यजमान गेल्यावर ती मी सांगत आले. एक दिवस इकडेतिकडे होऊ दिला नाही.

मग पाऊस लांबू लागला. आधी आठवडा, मग महिना. तळ्याचं पाणी दुपारी अंघोळीसारखं कोमट लागू लागलं. मुलगा म्हणाला, "आई, पाऊस नाही तर मासे अंडी सोडणार कुठून? बंदी पुढे ने."

मी म्हटलं, "आजोबांचा शब्द मोडणारा तू कोण रे?"

त्या वर्षी बंदी उठल्यावर जाळी फाटेस्तोवर मासे आले. मी देवापुढे दिवा लावला. साफ करायला बसलो तर प्रत्येक मादीच्या पोटात गाभोळी, अंड्यांनी गच्च भरलेली. सूनबाईचा विळीवरचा हात थांबला. म्हणाली, "आई, या सगळ्या बाळंतपणाला आलेल्या आहेत."

"मासे साफ कर. मला शिकवू नकोस."

असं सहा वर्षं चाललं. रिकाम्या दिवसांत बंदी पाळली आणि भरल्या पोटी मासे धरले, तेही हात जोडून. मुलगा दरवर्षी सांगायचा. सातव्या वर्षी त्याने जाळं गुंडाळलं आणि शहरात गोदामात लागला. मी त्याला घाबरट म्हटलं होतं. ते शब्द या कागदाने मागे घेते.

तळ्यात अकरा जाती होत्या. सूनबाई नातीला तीनच दाखवू शकली.

४. बंदीची तारीख सांगण्याचा मान सूनबाईला देते. कॅलेंडर पाहू नये. पाऊस आणि माशाचं पोट पाहावं. अंडी सोडून होईपर्यंत जाळं उघडू नये. भाऊजी म्हणतील, "वडिलांचा शब्द बुडवला." त्यांना सांगावं, वडिलांनी माशांसाठी शब्द दिला होता. तो मी बुडवला, तारीख पाळून.

५. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात हे मला ठाऊक आहे. पण मी कधी मरेन याचा भरवसा नाही, आणि एक जून चार दिवसांवर आहे. म्हणून कलम तीन व चार मी आज संध्याकाळी काठावर सगळ्यांसमोर स्वतः वाचणार आहे. भाऊजींनी पुढे बसावं. माझा आवाज आता लांब जात नाही.

वाचून, समजून सही केली.

साक्षीदार:
१. होडी बांधणारा सुतार, शेजारी
२. शाळेच्या निवृत्त बाई

ठिकाण: राहतं घर, तळ्याकाठ
दिनांक: २८ मे