टोगावाचं पुनरागमन

१ फेब्रुवारी, मियाझाकी
बेसबॉलच्या सराव-कॅम्पचा पहिला दिवस. वय सदतीस. पिचरला खरी अक्कल येते ती याच वयात. गेली तीन वर्षं क्लबच्या दुसऱ्या, म्हणजे राखीव टीममध्ये काढली, ती खांदा मुरावा म्हणून. संकल्प: पहिल्या टीममध्ये परत, दहा विजय, बिअर बंद.

९ फेब्रुवारी
बिअर फक्त रविवारी. आज मंगळवार, पण थंडी फार.
इवाशिता कोच झालाय. माझ्याहून चार वर्षांनी लहान, एके काळी माझेच बॉल पकडायचा. म्हणाला, टोगावा-सान, स्पीड गन जेमतेम एकशे एकतीस दाखवतेय. म्हटलं, गन बदल. तर म्हणे, ही तिसरी.

२० एप्रिल
सामना. प्रेक्षक साठेक. चार डावांत पाच रन दिले. दोन वाऱ्यामुळे, एक अंपायरमुळे. उरलेल्या दोनांचा विचार उद्या.
पहिल्या रांगेतला म्हातारा ओरडला, टोगावा, बॉल टाकतोयस की नातवाला झेलायला शिकवतोयस? अशा माणसांना तिकीट देतंच कोण?

३ जुलै
पहिल्या टीमचं बोलावणं! मला ठाऊकच होतं. फुमिए म्हणाली, अहो, त्यांचे दोन पिचर जखमी झालेत ना? बायकोला चांगल्या बातमीतलं कुसळ बरोबर दिसतं.

४ जुलै
तीन बॅटर. तीन हिट. एक थेट स्टँडमध्ये. मॅनेजर स्वतः मैदानात आला, बॉल परत घ्यायला हात पुढे केला. बिचारा दमलेला दिसत होता.

५ जुलै
परत दुसऱ्या टीममध्ये. खांदा जपायला हवा.

१ ऑक्टोबर, सकाळी ९
क्लबच्या ऑफिसातून फोन. उद्या सूट घालून या. कोच करणार, दुसरं काय! ठाम नकार द्यायचा. अजून पाच वर्षं आहेत हातात.
फुमिएने सूटला इस्त्री केली. एकाच बाहीवर तीनदा इस्त्री फिरवली.

२ ऑक्टोबर
चार मिनिटं. पुढच्या वर्षीच्या योजनेत तुमचं नाव नाही, म्हणाले. अठरा वर्षं. मी उठलो, कमरेत वाकलो, आभार मानले. कशाचे, आठवत नाही.
असो. बाकी अकरा क्लबांना आता मैदान मोकळं.

१४ नोव्हेंबर
काढून टाकलेल्यांची चाचणी. थंडीने बोटं बधिर. वरती अकरा क्लबांची माणसं टिपणं घेत होती. माझ्या वेळी एक जण पेन झटकत होता. शाई संपली असणार. फोन एका आठवड्यात येतो म्हणे.

२१ नोव्हेंबर
फोन आला. सासऱ्यांचा. मुळा उपटायला माणूस हवाय, मोकळाच आहेस ना? म्हटलं, वाटाघाटी चालू आहेत. फुमिएने फोन काढून घेतला. म्हणाली, बाबा, शनिवारी येताहेत हे.

१० डिसेंबर
इवाशिता घरी आला. सरावाला पिचर हवाय, म्हणाला. खेळाडूंत गणती नाही. बॅटरना मारता येतील असे बॉल टाकायचे, बस. मी ताडकन उठलो. फुमिए शांतपणे म्हणाली, अहो, वर्षभर तेच तर करत होतात, आता निदान त्याची नोकरी तरी होईल.

१५ डिसेंबर
पाच दिवस तिच्याशी बोललो नाही. आज हो म्हटलं. तात्पुरतं. आत राहिलं की परत येणं सोपं.

२ फेब्रुवारी, मियाझाकी
समोर कुनेदा. बावीस वर्षांचा, क्लबचा लाडका. म्हटलं, आज दाखवतोच. इवाशिता बघत होता, मॅनेजरही. जाळीआडून जीव खाऊन टाकले, खांद्यातून कळा येईपर्यंत. शेवटचे दहा तर फोर्कबॉल, बॅटजवळ येऊन बुडणारे. एकही बुडला नाही. चाळीस बॉल, कुनेदाने चाळीसही मारले.
मग टोपी काढून माझ्यापाशी आला, वाकला. म्हणाला, आभार, टोगावा-सान, इतके हळू आणि इतके सरळ बॉल कुणीच देत नाही, रोज तुम्हीच टाका.
इवाशिताने पाठ थोपटली. तुमच्यासारख्याला जोर आवरणं किती जड जात असेल, म्हणाला.
म्हटलं, हो. फार जड जातं.