घर भावाला, संडास मुलींना

मी, जिला लोक तोंडावर ताई आणि पाठीमागे भोंगा म्हणतात, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही; उलट आजवर मीच तो सगळ्यांवर आणत आले. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, भाषणं मात्र हजारभर केली.

कलम एक. माझी चार कपाटं पुस्तकं शेजारच्या शाळेतल्या मुलींना द्यावीत. कपाटांना कुलपं नाहीत, नव्यानं लावू नयेत. भाषणांच्या वह्या वाचण्यासाठी नाहीत. त्या चुलीत घालून पाणी तापवावं आणि शेकायच्या रबरी पिशव्या भराव्यात. पोट दुखणाऱ्या मुलीला माझ्या शब्दांनी बरं वाटलं, तर ती पहिलीच वेळ असेल.

कलम दोन. सन्मानचिन्हं एकूण एकोणचाळीस. सर्वांत जड पितळी चिन्हावर 'पाणी हीच प्रतिष्ठा' असं कोरलं आहे. ते माझ्या मागच्या दाराला टेकवून ठेवावं, म्हणजे दार वाऱ्यानं बंद होणार नाही. बाकीची भंगारात.

कलम तीन. शिडी, दोन्ही पान्हे, ड्रिल मशीन आणि माझी माफी नळवालीला मिळावी. माफीचं कारण इथे लिहिणं भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन झालं. विषय 'मुलींचं आरोग्य', वक्ता मी. तिसऱ्या रांगेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलीनं हात वर केला. मी माइकवरूनच म्हटलं, "बस गं, दोनच मिनिटं." त्या दोन मिनिटांत मी चाळीस मिनिटं बोलले. शेवटी सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले, ती एकटी उठली नाही. तिला भाषण आवडलं नाही असं समजून मी मनातल्या मनात रागावलेसुद्धा. बाकावर डाग पडला होता, हे मला नंतर कळलं. ती पुन्हा शाळेत आली नाही. तिच्या वस्तीत दोनशे घरांना एक नळ होता. तिनं नळाचंच काम शिकून घेतलं. तीन वर्षांनी माझी टाकी गळायला लागली, तेव्हा आपल्या काकाबरोबर पान्हा घेऊन तीच दारात उभी. मला बघून म्हणाली, "काय ताई, संपलं का भाषण?"

त्यानंतर मी माइक हातात घेतलेला नाही. मग तिनं माझ्या संडासात नवा नळ, झाकणाचा डबा आणि पॅडसाठी फळी बसवली, आणि गवंड्याला बोलावून शाळेच्या बाजूच्या भिंतीत दार पाडून घेतलं.

कलम चार. हे घर माझ्याहून पंधरा वर्षांनी धाकट्या भावाला मिळावं. तो त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि वाईट माणूस नाही. माझी त्याच्याबद्दल हीच मोठी तक्रार आहे. वाईट असता तर मनसोक्त भांडता आलं असतं. उद्घाटनाच्या दिवसापासून त्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या खिशात. मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, उघडलं की वापरतील. वापरलं की घाण होईल. मग तपासणीला दाखवू काय?"

"आणि मुलींनी जायचं कुठे?"

"अर्ज करावा ना. मी कुठे नाही म्हणतोय?"

अर्जासाठी त्यानं वही ठेवली. नाव, इयत्ता, कारण. एका मुलीनं धीर करून कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तुम्हाला माहीत आहे.' धाकट्याचा शेरा: 'उत्तर मोघम.' दरवर्षी तपासणी होते, कुलूप निघतं, फोटो निघतो, कुलूप लागतं. आतला साबण अजून वेष्टनात आहे. सर्वांत स्वच्छ शाळेचं बक्षीसही मिळालं आहे.

म्हणून मधल्या सुट्टीत चाळीसेक मुली माझ्या मागच्या दारानं येतात. मी गेल्यावर धाकटा ते दार बुजवणार. गवंड्याशी बोलूनही ठेवलंय. गवंड्यानंच मला सांगितलं.

कलम पाच. यास्तव संडास, पाण्याची टाकी आणि मागच्या दारापर्यंतची बारा पावलांची वाट घरातून वगळून मी शाळेच्या मुलींच्या नावे करत आहे. वकील म्हणाले, "ताई, संडास असा वेगळा काढून देता येत नाही." म्हटलं, "शाळेनं नऊ वर्षं काढून ठेवलाय, तो कुठल्या कायद्यानं?" त्यांनी चष्मा पुसला आणि 'लिहा' म्हणाले. किल्ली नळवालीकडे राहील. धाकट्याला संडासाला जायचं असल्यास त्यानं वहीत नाव, वय, कारण लिहावं. मधल्या सुट्टीत अर्ज घेतले जाणार नाहीत. शाळेतलं कुलूप कायमचं निघेपर्यंत ही अट राहील.

सहीपूर्वी घडलेली एक गोष्ट नोंदवते. वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर आणि धाकट्यासमोर वाचून दाखवला. तोवर त्याचा तीन कप चहा झाला होता. कलम पाच संपताच तो उठला. नळवाली संडासाच्या दारात वही घेऊन उभी.

"सर, कारण?"

"अगं, मस्करी पुरे."

"रकाना रिकामा आहे, सर."

त्यानं लिहिलं. तिनं वाचलं. "'तुम्हाला माहीत आहे'? मोघम आहे, सर."

"ताई, हिला सांग ना काहीतरी!"

मी म्हटलं, "बस रे, दोनच मिनिटं."

तो बसला नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला, खिडकीतून शाळेकडे बघितलं, मग खिशातून किल्ली काढून वहीवर ठेवली. नळवालीनं लगेच आमचं दार उघडून दिलं आणि त्याची किल्ली घेऊन भिंतीपलीकडे गेली. तिकडे मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. परत आली तेव्हा तिच्या हाताला साबणाचा वास होता.

तरीही कलम पाच मी खोडत नाही. उद्या तपासणी आहे.

सही: भोंगा
साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: ज्यांना दार बुजवायचं नाही ते गवंडी
व्यवस्थापक: नळवाली
स्थळ: माझं स्वयंपाकघर, मागचं दार उघडं
दिनांक: तपासणीचा आदला दिवस
सोबत: डॉक्टरांचा दाखला, एक. साबणाचं वेष्टन, फाडलेलं, एक.