दुसरं ताट

ऑफिसच्या आधारस्तंभांस,

रागाचा नमस्कार. विनंती काही नाही.

मी सुखरूप पोचले. बोटीत उलटी झाली, तेव्हा पाठीवरून हात फिरवायला एक परकी बाई होती. तीस वर्षं ‘रिटायर झालो की बेटावर जाऊ’ म्हणत आलात. आणि रिटायर झाल्यावर साहेबांचा एक फोन काय आला, भरलेली बॅग तशीच टाकून पुन्हा ऑफिसात! मेलं ते ऑफिस तुमच्यावाचून बुडत होतं का?

इथे सगळं तुम्ही सांगायचात तसंच आहे. पाणी नितळ, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. बघून अंगाचा नुसता तिळपापड होतो.

बीपीच्या गोळ्या साखरेच्या डब्यामागे ठेवल्यात. तुमचा हात तिथे जातोच. घेताय ना?

खोली दोघांच्या नावावर, म्हणून वेटर रोज दोन ताटं मांडायचा. “आमचे हे उद्या येतील,” असं मीच त्याला सांगत होते. आज पाचव्या दिवशी त्याने काही न विचारता एकच ताट मांडलं. मी इतकी ओरडले, की बिचारा पळत जाऊन दुसरं घेऊन आला.

ते समोर पालथं घालून ठेवलंय. पत्र मिळताच पहिली बोट पकडा आणि तुमच्या हाताने सुलटं करा.

अजून तरी तुमचीच,
मी