दोऱ्यात काही नाही

छत्रपती संभाजीनगर
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय अभय,

तुला आणि रूपाला आशीर्वाद. पत्र बघून हसशील. पण फोनवर सांगितलं की तू अर्धं ऐकूनच आईवर ओरडायला धावतोस, आणि ओरडलं की ती हट्टाला पेटते. म्हणून पिशोरच्या बसच्या कंडक्टरकडे हे पाकीट देते आहे. दुकानातच वाच, घरी आईसमोर नको.

कॉलेजात यंदा मी एक जुनं इंग्रजी काव्य शिकवते आहे. सहाशे वर्षांपूर्वीचे यात्रेकरू, वाटेत आळीपाळीनं एकेक गोष्ट सांगणारे. मुलांना कंटाळा यायला लागला, म्हणून श्रावणी शनिवारी सगळ्यांना खुलताबादला भद्रा मारुतीला पायी नेलं. प्रत्येकानं एका यात्रेकरूचं सोंग घ्यायचं आणि गोष्ट सांगायची. आई तेव्हा माझ्याकडेच होती. ती पडेगावपर्यंत चालली, पुढं गाडीत बसली.

दौलताबादला चहा घेताना सत्यम नावाच्या माझ्या विद्यार्थ्याची पाळी आली. त्याच्या वाट्याला आलेला यात्रेकरू लबाड उपदेशक आहे. डुकराची हाडं संतांची म्हणून दाखवतो, लोकांना कसं फसवतो ते आधी स्वतःच सांगतो, आणि मग त्याच लोकांना माल विकायला बघतो. सत्यमनं काळे दोरे काढले. म्हणाला, "हे गुलमंडीच्या बाजारातून आणलेत. यात काही नाही." आणि मग 'हा बांधा, दुखणं पळेल' म्हणत एकेकाला विकायला लागला. आम्ही पोट धरून हसलो. आईनं मात्र हात पुढं केला.

मी त्या क्षणाचा फोटोसुद्धा काढला.

आई तिकडं परतल्यावर काल कपाट आवरताना तिच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, न फोडलेली. रक्त पातळ ठेवायच्या त्याच गोळ्या. डॉक्टर काय म्हणाले होते ते तुला आठवतं ना? हृदयातली झडप बदललेली आहे, गोळी चुकली तर रक्ताची गाठ धरेल. लगेच तिला फोन केला.

"दोरा बांधल्यापासनं मला लई बरं वाटतंय गं. आता गोळी कशाला?"

"आई, तो मुलगा नाटक करत होता. त्यानंच सांगितलं ना, दोऱ्यात काही नाही म्हणून?"

"व्हय, म्हनून तर घेतला. लबाड मानूस आपल्या तोंडानं असं सांगतो का?"

मी सत्यमला तिच्याशी बोलायला लावलं. तो रडकुंडीला येऊन खरं सांगत राहिला. नंतर आई मला म्हणते, "बघ, मोठेपना घेत नाय पोरगं."

अभय, खरं सांगावं तितका तिचा विश्वास घट्ट होतो आहे. काल रात्रभर डोळा लागला नाही.

म्हणून आता मी खोट्याचा आधार घेते आहे. सोबत गोळ्या आहेत, आणि आईच्या नावानं एक चिठ्ठी. सत्यमकडूनच लिहून घेतली. दोऱ्यात गुण आहे, पण सकाळची गोळी पोटात गेल्याशिवाय तो लागू पडत नाही, असं त्यात लिहिलं आहे. मी स्वतः आले असते, पण माझं तोंड बघूनच तिला कळेल. आज तिला डॉक्टरांकडेही ने. दोरा दाखवायला नेतोस म्हण.

चिठ्ठी तिला मोठ्यानं वाचून दाखव. वाचताना हात जोड, आणि तुझा आवाज कापू देऊ नकोस.

तुझी घाबरलेली ताई,
संध्या