थंड कपाटाची वात

तळोदा, ता. २७ ऑगस्ट १९३८

जवाईसा झुंबरलालजी यांसी गौतमचंदचा जयजिनेंद्र. वि. वि.

पर्युषणात राग धरू नये, हे मलाही ठाऊक आहे. पण काल भरदुपारी माझी धाकटी बहीण, तुमची बायको दाखू, बोचकं घेऊन एकटीच दारात उतरली आणि माझं डोकं फिरलं! तुमच्या दुकानातली रबडी खाऊन रनाळ्याच्या दोधू पाटलाकडे पोळ्याचे पाहुणे उलट्या-जुलाबांनी आडवे झाले, हे वाईटच. म्हणून काय पाटलाच्या अंगणात, चारचौघांत, घासलेटच्या ज्योतीवर दूध गार ठेवणाऱ्या त्या थंड कपाटाची वात बायकोने विझू दिली असं सांगून मोकळं व्हायचं?

ती रोज कपाटाखालच्या घासलेटच्या दिव्याची काजळी पुसते, वात कातरते, गरम दूध आत ठेवू देत नाही. सकाळी कपाटाखाली पाणी साचतं, दूध आंबूस लागतंय, ओतून द्या, असं तिने तुम्हाला दोनदा बजावलं होतं. तुम्ही हसलात म्हणे. आता रनाळ्यात तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेणार नाही. तिच्या नावावरचा डाग जाईस्तोवर ती इथेच राहील.

लोभ आमच्यावर नको, आधी तिच्यावर करा.
गौतमचंद


नंदुरबार, ता. २९ ऑगस्ट १९३८

गौतमचंदजी यांसी झुंबरलालचा जयजिनेंद्र.

वा रे न्याय! दोधूने मला रनाळ्याला बोलावून, हाई रबडी शे का इख शे, रबडी की विष, म्हणत माझी गचांडी धरली, आणि वर तुम्ही मलाच शहाणपण शिकवा! पाहुणे बरे झाले, हे नशीब. पण दुकानाकडे कुत्रं फिरकत नाही.

दिव्याचं काम दाखूचंच ना? चातुर्मास लागल्यापासून घासलेट निम्मंच लागतंय. मी आपला तिच्या काटकसरीचं कौतुक करत होतो, आणि बाईसाहेब दिवा विझू देत होत्या! माझी आई काही खोटं बोलणार नाही. सूर्यास्ताआधी जेवून ती माळ घेऊन कपाटापाशीच बसते. अंधार पडेपर्यंत दिवा चांगला जळतो, असं तीच सांगते. पुढचं तुमच्या बहिणीला विचारा.

राग मनात ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.
झुंबरलाल


नंदुरबार, ता. १ सप्टेंबर १९३८

गौतमचंदजी यांसी झुंबरलालचा जयजिनेंद्र. वि. वि.

कसं लिहू तेच कळत नाही. संवत्सरीला आई साऱ्या जीवजंतूंची क्षमा मागत होती. बोलता बोलता म्हणाली की, कपाटाच्या दिव्यावर पाखरं जळतात, म्हणून चातुर्मासात मी रोज अंधार पडला की फुंकर मारते आणि उजाडल्यावर पुन्हा पेटवते. मी कपाळाला हात लावला! त्या ज्योतीवरच आतला गारवा चालतो, हे तिला पटेना. विस्तवाने कधी बर्फ होतो का, म्हणून तिने मलाच वेड्यात काढलं.

आता म्हातारीचं नाव गावात नको. झालं गेलं पोटात घाला. गाडी पाठवली आहे, दाखूला धाडून द्या. कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल, तर तिला व तुम्हा सर्वांना मिच्छामि दुक्कडम्.

कृपा ठेवावी.
झुंबरलाल


तळोदा, ता. ३ सप्टेंबर १९३८

स्वामींचे चरणी दाखूचा नमस्कार.

या वेळी लेखणी भाऊंकडून मीच मागून घेतली. तुमची गाडी रिकामीच परत येते आहे. मिच्छामि दुक्कडम् तुम्ही दरसाल छापील कार्डावर सुरतेच्या व्यापाऱ्यांनाही पाठवता. त्यात माझ्या वाट्याचं काय?

सासूबाईंना एक अक्षर बोलू नका. त्यांना पाखरांची दया आली. ते कपाट कसं चालतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं होतं? दिव्याभोवती बारीक जाळी बसवून घ्या, नाहीतर चातुर्मासात कपाट बंद ठेवा. पण ते दूध मी तुमच्या नाकाशी धरलं होतं ना? ओता म्हटलं, तर सकाळी हाताला गार लागतंय म्हणालात, आणि साखर-वेलची घालून आटवलंत. वेलचीने वास झाकला, दूध सुधारलं नाही. हे सासूबाईंनी केलं नाही, मीही केलं नाही.

मंगळवारी भाऊ मला रनाळ्याला आणतील. दोधू पाटलाच्या अंगणात, त्याच माणसांपुढे, जिथे माझं नाव घेतलंत तिथे तुमचं घ्या. सासूबाईंचंही नको. मग मी मुकाट तुमच्या गाडीत बसेन, नाहीतर भाऊंची गाडी उभीच असेल.

लोभ आहेच, तो काही आटला नाही. तोंड तेवढं उघडा.
दाखू