आईच्या खुर्चीची चाकं

बाबा,

"आईची चाकांची खुर्ची कापताना हात थरथरला नाही तुझा?" असं काल विचारून तुम्ही दार आपटलंत. थरथरला होता. एक कट वाकडा गेलाय, बघा हवं तर.

वेल्डिंगच्या गॅस सिलिंडरचा गाडा आपल्या शेडमध्ये उभा आहे. खुर्चीचा पाइप कच्चा निघाला, म्हणून सांगाडा जाड लोखंडी अँगलचा केलाय. चाकं आणि दांडा तेवढे खुर्चीचे घेतले. साखळी लावली की दोन्ही सिलिंडर जागचे हलत नाहीत. आता सिलिंडर तिरका करून बुडावर गरगरवत न्यायचा शहाणपणा बंद करा. डॉक्टर तुमच्या कमरेबद्दल काय म्हणाले ते मी दाराबाहेरून ऐकलंय.

खुर्चीची सीट आणि पाठ तुमच्या पलंगापाशी ठेवलीये. रोज सकाळी तुम्ही ती खुर्ची फडक्याने पुसायचात, मला दिसायचं.

"ती आता कुठे येणारे बसायला," हे मी रागाच्या भरात बोललो. बोलायला नको होतं. तुमचा चेहरा बघितला आणि माझंच डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. तिला उचलून तीन मजले खाली-वर करतानाच तुमची कंबर गेली. आता तुम्हीही पडलात तर या घरात मी कोणाशी भांडू?

आज तुम्ही ज्या गेटचं माप घ्यायला जाणार होतात, तिथे मीच जातोय. टेम्पोवाला खाली हॉर्न बडवतोय, निघायलाच हवं.