वैशाखातली ओली माती

नाना, आम्ही घर घेत होतो. सत्तावीस वर्षं जळगावात भाड्याच्या घरांत काढली, आता माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आणि आयुष्यभराची पुंजी एकाच घरात घालायला निघालो होतो. चुकलं तर पुन्हा उभं राहायचं वय नाही, म्हणून महिनाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. शाळेत पेपर तपासताना एका पोराचे गुण दुसऱ्याला चढवले आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एरवी तुमची आठवण सणावाराला येते, पण तुम्ही आत्ता इथे पाहिजे होतात असं अगदी पोटातून वाटलं ते याच महिन्यात.

घर गावाबाहेरच्या वसाहतीतलं, एकमजली, पुढे अंगण, नुकताच रंग दिलेलं. मालक म्हणजे एक निवृत्त आबा, बोलायला इतके मऊ की त्यांच्याशी घासाघीस करायची लाज वाटावी. मुलाकडे राहायला जायचं म्हणून घर विकत होते आणि इसार आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, करायचा असा त्यांचा हट्ट होता. ह्यांनाही तो मुहूर्त पसंत. बँकेचा माणूस आला, टेप लावून खोल्या मोजल्या, मोबाईलवर फोटो काढले, ताक प्यायला आणि अर्ध्या तासात गेला. कर्ज मंजूर झालं. हे म्हणाले, "बँकेनं बघितलं ना? मग झालं. बँक काय वेडी आहे?" मलाही ते पटलं होतं. आपल्याकडे सगळ्यांनाच पटतं. मी उगाच बँकेतल्या मॅडमना विचारलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही किंमत काढतो हो, घराची तब्येत नाही बघत." मग शिक्षकांच्या खोलीत जो तो सांगू लागला की हद्दीची सरकारी मोजणी करून घ्या. तीही आबांकडून करून घेतली. शेजारी बोलावले, चार कोपरे कायम झाले, नकाशावर सही-शिक्का आला. तो कागद कपाटात ठेवला त्या दिवशी मला महिन्यातली पहिली शांत झोप लागली. गवंड्याची पोर मी, आणि जमीन बरोबर आहे एवढ्यावर निश्चिंत झाले. तिच्यावर जे उभं आहे त्याला अजून कुणी हात लावून बघितलं नव्हतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं ते पोळ्या लाटताना. मी बारा वर्षांची आहे. धुळ्याला, पांझरेच्या पलीकडे तुमचं काम चालू आहे आणि मी भाकरी घेऊन आलेय. तुम्ही छातीएवढ्या खड्ड्यात उभे आहात, काळ्या मातीनं गुडघ्यापर्यंत माखलेले. वर घरमालक ओरडतोय, आणखी किती खणणार, विहीर पाडायची आहे का? तुम्ही वर न बघताच म्हणता, "आजून मुरूम लागना नही. मी पाया भराव नही." दुपारपर्यंत वाद चालतो आणि तुम्ही थापी, ओळंबा पिशवीत टाकून सरळ घरी निघता. त्या महिन्यात आपण काय खाल्लं ते आईला विचारायला हवं होतं. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका कामावर मी लाडात येऊन भिंतीतली एक भेग ओल्या सिमेंटनं लिंपली होती. वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही माझा हात असा धरलात की बांगडी पिचली. "पोरी, भेग नको बुजू. पहिले देख, ती कोठून उनी ते." सगळ्या मजुरांसमोर. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरचं घर तिच्याबरोबर हलतं, म्हणून पाया खालच्या कडक मुरमापर्यंत न्यायचा, हे तुम्ही मला तिसऱ्या दिवशी गूळ-शेंगदाणे हातात देत समजावलंत. पोळी तव्यावर जळाली तेव्हा मी तिथे होते.

आखाजीला चार दिवस उरले असताना मी एका तरुण इंजिनियर बाईंना गाठलं. त्यांनी विचारलं, नुसतं वरवर बघून लेखी मत देऊ, की पायाशी खड्डा घेऊन पूर्ण तपासणी करू? वरवरचं एका फेरीत झालं असतं आणि आबाही दुखावले नसते. ह्यांनी घरी आदळआपट केली. "चांगल्या माणसाच्या अंगणात खड्डे खणणार? चोर समजतेस त्यांना?" माझं स्वतःचंही मन खात होतं. हे घर हातचं गेलं तर दुसरं मिळायचं नाही, आणि खणून काही वाईट निघालं तर तेही जायचंच. मग न खणलेलं बरं, असा विचार माझ्या मनात आला होता, नाना. एक दिवस, एक रात्र टिकला होता. सकाळी मी बाईंना फोन करून म्हटलं, खणा.

आबा नको म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी ताक आलं नाही. बाई खोल्याखोल्यांतून फिरल्या, भिंतींवर बोटं टेकवली, आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाल्या, "एकही भेग नाही. हेच मला पटत नाहीये. या दाराकडे बघा." मागच्या खोलीचं दार वरून तिरकं तासलेलं होतं. चौकट झुकली म्हणून दार अडायला लागलं, म्हणून कुणीतरी रंधा मारलेला.  मी घराच्या मागे गेले. ऊन असं की चप्पल चिकटत होती, वसाहतीत पाणी चार दिवसांनी येतं, शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. आणि या भिंतीला लागून कर्दळीची हिरवीगार रांग, खालची माती चिखलासारखी ओली. अंगणातली तुळस मात्र सुकलेली. मी तिथेच खाली बसले. आबा फुलांना पाणी घालत नव्हते. भिंतीखालची माती आकसू नये म्हणून सगळा उन्हाळा ते घराला पाणी पाजत होते. बाईंनी आणलेल्या माणसानं खड्डा घेतला तर गुडघ्याएवढ्या खोलीवर पाया संपला. त्याच्या खाली काळी माती, आणखी हातभर खणलं तरी काळी माती.

 मी आबांकडे गेले.  म्हटलं, "आबा, तुम्हाला माहीत होतं?" ते पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्हतं ना मॅडम. दोन भिंती मी पुन्हा बांध्यात." मग का नाही सांगितलं? "तुमी इचारंच नही. बँकवाला उना, मोजणीवाला उना, कोनीच इचारं नही. मी बी कोना जोडे बोलू? हाई घर सोडीसन माले दुसरं काय शे?" टोपी पुन्हा डोक्यावर चढवत म्हणाले, "कर्दळीले पाणी देनं बंद करू नका, इतलं तं मी सांगनारच व्हतू." ह्यांना वाटलं मी आता त्यांना फाडून खाणार. शाळेत माझा तो लौकिक आहे. पण मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. इसार झाला नाही. आखाजीला आम्ही भाड्याच्याच घरात पुरणाचे मांडे केले, आणि हे तीनदा म्हणाले की तुझ्या नानांनी वाचवलं आपल्याला. प्रत्येक वेळी मी दुसरं काहीतरी वाढायला उठले.

हा तुम्हाला लिहिलेला कागद मी कुठे टाकणार नाही आणि ह्यांनाही दाखवणार नाही. आबांना मी काही का बोलू शकले नाही ते फक्त तुम्हाला सांगायचंय. तुम्ही गेल्यावर पुढच्याच वर्षी धुळ्याचं आपलं घर मी विकलं. ते तुम्ही उमेदवारीत, हातात काही नसताना बांधलेलं, पाया उथळ, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी तुम्ही देवघरामागच्या भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली होती. भिंत सरकली की काच तडकते, म्हणजे कळतं. मी घर आवरायला गेले तेव्हा ती मधोमध तडकलेली होती. मी उलथन्यानं ती खरवडून काढली, भेग बुजवली आणि वरून रंग मारून घेतला. घ्यायला आलेला एक तरुण मास्तर होता, बायको पोटुशी. फार अदबीनं त्यानं विचारलं, "ताई, कुणाकडून तपासून घेऊ का एकदा?" आणि मी म्हणाले, "कशाला? गवंड्याचं स्वतःचं घर आहे." तो लगेच हो म्हणाला.